पाचवी सुपारी

गाडी येऊन सतरा दिवस झाले.
सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही,
चौऱ्याऐंशी हप्त्यांतला पहिलाही गेलेला नाही,
आणि घणसोलीत पेव्हर ब्लॉक लागले की
कुठेतरी आत, काचेच्या खाली,
टक.
मग जरा थांबून, विचार करून,
टक टक.

सुधन्वा म्हणाला, नव्या गाडीला नवे आवाज असायचेच.
भावजी एक फेरी मारून आले मागे बसून,
एसी चारवर, फोन कानाला,
उतरताना म्हणाले, मला तर काहीच आलं नाही ऐकू.

मी ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला.
किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये, पाण्याची बाटली मांडीत.
एकदा तर कानातले डूलही काढून ठेवले,
म्हटलं, न जाणो, मीच वाजत असेन.
टक.

तुर्भ्याच्या सर्व्हिस सेंटरला कॉफी चांगली मिळते.
टाय लावलेला मुलगा गाडी घेऊन गेला पाम बीचला,
तांब्यातलं पाणी हिंदकळू नये असा रस्ता,
आणि परत येऊन लिहिलं : आवाज आढळला नाही.
खाली माझी सही हवी होती.
एकवीस वर्षं पतपेढीत काढलीत मी,
बंडलात एक नोट कमी असली तर अंगठ्याला कळतं.
तरी केली सही.

दिघ्याला, पाइपलाइनच्या कडेला, पत्र्याची शेड.
आजिनाथ व्हटकर, मूळचा परांड्याचा.
कसला आवाज, असं त्यानं विचारलं नाही.
विचारलं, वळणावर येतो का खड्ड्यात?
इतक्या दिवसांत कुणी विचारलेला पहिला प्रश्न.
डावीकडे वळताना एकदा, मी म्हटलं, उजवीकडे दोनदा,
ब्रेक मारला की पुढे पळतो.
पळतो म्हणजे सुटंय काहीतरी, तो म्हणाला.
तुम्ही चालवा. मी ऐकतो.

एसी बंद. काचा वर.
लांब पेचकसाचं टोक त्यानं डॅशबोर्डला टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटले.
मी ऐरोलीकडे खड्डे हुडकत निघाले,
एक चुकला तर चक्क हळहळले.
टक.
डोळे न उघडता त्यानं बोट वर केलं,
बैठकीत समेवर करतात तसं.

मग वायपर निघाले, खालची काळी जाळी निघाली,
पाणी वाहून जायच्या पन्हळीत
झेंडूची एक वाळकी पाकळी, आणि
सुपारी.
एका अंगाला कुंकू, दुसरा अंग घासून गुळगुळीत.
देव निघाला की हो ताई, म्हणाला,
ह्याचे काय पैसे घ्यायचे, म्हणाला,
आणि शंभर घेतले.

बॉनेटवर पाच विडे मांडले होते त्या दिवशी.
चाकांखाली लिंबं, नंबरप्लेटला हार, सगळ्यांना घाई.
आवरताना सासूबाई म्हणाल्या, एक सुपारी कमी आहे.
गुरुजी म्हणाले, चारच असतील.
भावजी हसले, आईचं हल्ली असंच चालतं.
आणि मी, खोबऱ्याचा तुकडा चावत,
नवी किल्ली बोटात फिरवत,
म्हटलं होतं, जाऊ द्या ना, काय एका सुपारीचं.

घरी आले तेव्हा त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या.
ताटात, दाण्यांच्या शेजारी, ठेवली. बोलले काहीच नाही.
त्यांनी चष्मा वर सरकवला,
सुपारी उलटून पाहिली, नखानं कुंकू खरवडलं,
ताटाच्या काठावर एकदा वाजवली.
टक.
पाचच होत्या, म्हणाल्या,
आणि पुढची शेंग उकलली.